चवथीच्या रात्री घरच्यांसोबत पाहण्याजोगे संशोधकांचे चित्रपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी सगळी भावकी जमते. रात्रीची आरती आटोपली, घुमटे (आरतीला वाजवायची मातीची वाद्ये) खुंटीला गेली, की वसरीवर पांढरी चादर ताणायची आणि मुलांना एक चित्रपट दाखवायचा, हा रिवाज मी काही वर्षे चालवते आहे. विषय दरवर्षी एकच असतो : कोणीतरी काहीतरी नवे करून बघते. भाचरांनी शाळेत जाऊन सांगितले, मग त्यांच्या मित्रांच्या आया विचारू लागल्या, मग वहिनीच्या माहेरची मंडळी. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवते आहे.

संशोधक म्हणजे नेमका कोण? शास्त्रज्ञ, कारागीर, की दोन्ही?

मराठीत आपण ‘शोध लावला’ हे दोन्हींसाठी म्हणतो. गुरुत्वाकर्षणाचाही शोध लागतो आणि टेलिफोनचाही. पहिली गोष्ट आधीपासून होती, कोणाच्या तरी लक्षात आली. दुसरी नव्हतीच, कोणीतरी ती घडवली. हिंदीवाले घडवलेल्या वस्तूला आविष्कार म्हणतात, पण आपल्याकडे त्या शब्दाने कलेची वाट धरली. मुलांना हा फरक एकदा समजावून सांगावा, कारण चित्रपट दोन्हींची सरमिसळ करतात.

मी यादीत घेते ते ‘घडवणारे’. रॉकेट करणारी शाळकरी मुले, पवनचक्की उभारणारा शेतकऱ्याचा मुलगा, घरातले सामान विकून कॅमेरा आणणारा गृहस्थ. माझी कसोटी साधी आहे. चित्रपट संपल्यावर मुलाने ‘तो जिंकला ना?’ असे विचारले तर चित्रपट बरा. ‘ते चालतं कसं?’ असे विचारले तर चित्रपट चांगला. वस्तू हातांनी घडताना, बिघडताना, पुन्हा जुळताना पडद्यावर दिसायला हवी. नुसती शेवटची टाळी दाखवणारे चित्रपट मी बाजूला ठेवते, मग ते कितीही मोठ्या माणसावरचे असोत.

सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी?

परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने (२००९). यात मला कधीच शंका वाटली नाही. मराठी आहे, जेमतेम दीड तासाचा आहे, आजीपासून पाच वर्षांच्या पोरापर्यंत सगळे एकाच ठिकाणी हसतात. त्या वर्षी ऑस्करसाठी भारतातर्फे तोच गेला होता.

दादासाहेब फाळके १९११ साली तंबूतला सिनेमा बघतात आणि झपाटतात. दिवसरात्र पडदा बघून डोळे बिघडतात, घरातले सामान विकले जाते, विम्याची पॉलिसी गहाण पडते, १९१२ मध्ये स्वारी लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन येते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तिथवरची ही गोष्ट.

मला त्यात सगळ्यांत मोलाचे वाटते ते घर. बायको आणि मुले या वेडाला बळी पडलेली दाखवलेली नाहीत, ती त्यात सामील आहेत. कच्च्या फिल्मच्या कडेला भोके पाडणे हे किचकट काम सरस्वतीबाई अंधारात करत. शूटिंगच्या मंडळींचे जेवणही त्याच बघत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरच्या उपाहारगृहातले आचारी अण्णा साळुंके तारामती झाले. आपल्या दशावतारी नाटकांत पुरुषांनीच बाईचे काम केलेले आमच्या मुलांनी पाहिलेले असते. त्यामुळे इथे ती मुळीच बिचकत नाहीत, उलट ‘आपल्यासारखंच’ म्हणतात. मुलांना आणखी एक गंमत सांगा : फाळके जादूचे प्रयोग करायचे तेव्हा स्वतःला ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवायचे. नाव उलटे वाचायला लावा.

पण सिनेमाचा शोध फाळक्यांनी कुठे लावला?

नाही लावला, आणि हे मुलांपासून लपवू नये. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून खेळ केला आणि ७ जुलै १८९६ रोजी तो मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये पोहोचलाही. फाळके आले ते पंधरा वर्षांनी.

तरी मी त्यांना या यादीत पहिले ठेवते. यंत्र आणणे सोपे होते. ते इथल्या उन्हात, इथल्या माणसांकडून, इथल्या गोष्टीसाठी चालवून घेणे अवघड होते आणि त्यातली प्रत्येक पायरी त्यांना स्वतः शोधावी लागली. भांडवलदारांना पटवायला त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढताना थोड्याथोड्या वेळाने एकेक चित्र घेत राहिले. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात घडली. तेवढ्यावर पैसे उभे राहिले. दुसऱ्याचे यंत्र समजून घेऊन त्याच्याकडून नवे काम करवून घेणे, हेही शोधाचेच काम आहे.

तो वाटाण्याचा प्रयोग घरी करता येईल का?

जरूर करा. चवथीच्या घरात भिजवलेले मूग असतातच. ओल्या फडक्यावर चार मूग ठेवा, मोबाइल डब्याला टेकवून पक्का बसवा आणि दर पंधरा मिनिटांनी एक फोटो निघेल असे लावा. दिवसाचे ९६ फोटो होतात. सेकंदाला २४ या वेगाने दाखवले तर चार सेकंद, दोन दिवसांचे आठ सेकंद. तेवढ्यात मोड बाहेर येऊन वळतो. दिवा एकच आणि सतत चालू ठेवा. खिडकीतल्या उजेडावर विसंबलात तर चित्र लुकलुकते. आमचा पहिला प्रयत्न मांजराने हलवला, दुसरा वीज गेल्याने फुकट गेला, तिसरा जमला.

लहानांना इंग्रजी कळत नाही. त्यांना काय दाखवू?

‘वॉलेस आणि ग्रॉमिट’ मालिकेतला ‘द राँग ट्राउझर्स’ (१९९३). तीस मिनिटांचा आहे, सात वर्षांखालच्या मुलांना तेवढेच झेपते. वॉलेस नावाचा गृहस्थ अंथरुणातून उठवून कपडे चढवणारी, नाश्ता वाढणारी यंत्रे करत असतो. त्याचा कुत्रा ग्रॉमिट एक शब्दही बोलत नाही, आणि त्यातला खलनायक पेंग्विनही बोलत नाही. सगळी गोष्ट डोळ्यांनी आणि भुवयांनी सांगितली जाते, त्यामुळे भाषेची अडचण उरत नाही.

सगळे मातीसारख्या मऊ प्लॅस्टिसीनच्या बाहुल्यांनी केलेले आहे : बाहुली किंचित हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची. फाळक्यांचा वाटाणा आणि हा कुत्रा एकाच युक्तीवर चालतात. मुगाचा प्रयोग झालेल्या मुलांना ते आपणहून ओळखता येते, आणि ओळखल्यावर त्यांना होणारा आनंद बघण्यासारखा असतो.

कोणत्या वयाला काय चालेल, हे कसे ठरवता?

प्रमाणपत्र बघते, पण त्यावर थांबत नाही. चित्रपटांच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि जुन्या ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग पडले. ओटीटीवरही असेच वयोगट दिसतात. तेवढ्याने बरेच कळते. उरलेले स्वतः आधी बघूनच कळते. ‘चिटी चिटी बँग बँग’ (१९६८) हा उडत्या मोटारीचा आनंदी चित्रपट, पण त्यात मुले पकडून नेणारा एक माणूस आहे. त्याला बघून माझी धाकटी भाची रात्रभर माझ्या कुशीत होती. ‘बिग हिरो ६’मध्ये (२०१४) सुरुवातीलाच थोरला भाऊ जातो. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर तो चित्रपट थोडा लांबवा. ‘थ्री इडियट्स’मध्ये आत्महत्या आहे, ते दृश्य मोठ्या मुलांसोबतही बसून बघायचे आणि नंतर बोलायचे.

मलावीतल्या पवनचक्कीवाल्या मुलाचा चित्रपट खरा आहे का?

‘द बॉय हू हार्नेस्ड द विंड’ (२०१९). या यादीतला माझा सर्वांत लाडका, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

विल्यम कामक्वांबा हा आफ्रिकेतल्या मलावी देशाचा. २००१-०२ च्या दुष्काळात मक्याचे पीक गेले, फी भरता न आल्याने शाळा सुटली. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. वाचनालयात त्याला ऊर्जेवरचे एक पुस्तक सापडले. त्याचे इंग्रजी कच्चे, म्हणून आकृत्या बघून त्याने मजकूर लावला. मग भंगारातून ट्रॅक्टरचा पंखा, प्लॅस्टिकच्या पाइपची पाती, सायकलची चौकट, निलगिरीच्या खांबांचा मनोरा आणि सायकलचा डायनॅमो अशी जुळवाजुळव केली. एवढे सगळे खरे.

चित्रपटाने एक गोष्ट जवळ आणली आहे. पडद्यावर पवनचक्की चालते आणि थेट पाणी येते. प्रत्यक्षात पहिल्या पवनचक्कीने घरात दिवा लावला, शेजाऱ्यांचे मोबाइल चार्ज केले. पाणी खेचायचे काम पुढे झाले. मुलांना मी हे चित्रपटानंतर सांगते, आधी नाही.

यातला खरा प्रसंग पवनचक्कीचा नाहीच, सायकलचा आहे. डायनॅमोपुरते भागत नाही. चौकट हवी, म्हणजे वडिलांची सायकल कापावी लागणार. घरात दुसरे वाहन नाही, पोटात अन्न नाही, आणि पोरगा म्हणतो, तुमची सायकल द्या. वडील चिडतात. का चिडतात ते आपल्यालाही कळत असते, आणि पोराचे म्हणणेही पटत असते. दिग्दर्शक चिवेटेल एजिओफोर यांनीच वडिलांचे काम केले आहे. आमच्या वसरीवर त्या प्रसंगाला मुले विल्यमच्या बाजूने होती आणि माझे थोरले काका, ज्यांनी उभे आयुष्य सायकलवरून शाळा गाठली, ते उघडपणे वडिलांच्या बाजूने. चित्रपट थांबवून वाद झाला. मी तो मुद्दाम होऊ दिला.

दुष्काळाची दृश्ये कठीण आहेत, विल्यमचा कुत्रा भुकेने मरतो. दहा वर्षांखालच्यांना दाखवू नका. भाषा चिचेवा आणि इंग्रजी, त्यामुळे कोणीतरी उपशीर्षके मराठीत सांगत बसायला हवे. आमच्याकडे ते काम बारावीतली पुतणी करते.

डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातली मुले येतात. त्यांच्यासाठी काही खास?

‘ऑक्टोबर स्काय’ (१९९९), डोळे मिटून. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामधले कोलवुड हे कोळसा खाणीचे गाव. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला आणि तो आकाशातून सरकताना बघून होमर हिकम या मुलाने ठरवले की रॉकेट करायचे. वडील खाणीचे अधिकारी, त्यांच्या मते पोराने खाणीत उतरावे. घरात रोज तणाव, बाहेर रॉकेट एकामागून एक फुटताहेत. होमर पुढे नासात अभियंता झाला, गोष्ट त्याच्या स्वतःच्या आठवणींवर बेतलेली आहे.

खाणीवर पोसलेले गाव, खाण डळमळली की घराघरांत पडणारी शांतता, हे आपल्या खाणपट्ट्यातल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा किती घरांसमोर ट्रक उभेच राहिले, ते त्यांनी पाहिले नसले तरी ऐकले आहे.

एक जागा मात्र नीट दाखवा. जंगलाला आग लागते आणि आळ या मुलांच्या रॉकेटवर येतो. तेव्हा ती मुले रॉकेट किती वेळ हवेत होते यावरून ते कुठे पडले असणार याचे गणित मांडतात, त्या जागी जाऊन रॉकेट शोधून काढतात आणि आपले निर्दोषत्व सिद्ध करतात. दहावीचे गणित कशाला शिकायचे, या प्रश्नाला माझ्याकडे यापेक्षा चांगले उत्तर नाही.

हिंदीत काय आहे?

बरेच आहे, पण निवडून घ्यावे लागते. ‘स्वदेस’ (२००४) लांब आहे, मुले मध्यात चुळबुळतात. तरीही ओढ्याच्या पाण्यावर गावात वीज आणण्याचा शेवटचा भाग सगळे श्वास रोखून बघतात. तो वाईजवळच्या मेणवलीला चित्रित झाला, म्हणून आजोबांना घाट ओळखीचा वाटतो. ‘थ्री इडियट्स’मध्ये (२००९) शेवटी दिसणारी यंत्रे खऱ्या माणसांची आहेत : पायडलवर चालणारे कपडे धुण्याचे यंत्र केरळच्या रेम्या जोस हिने शाळकरी वयात केले, स्कूटरवर चालणारी पिठाची गिरणी जळगावच्या जहांगीर पेंटर यांची. ही नावे चित्रपटात ठळक दिसत नाहीत म्हणून मी आवर्जून सांगते.

‘मिस्टर इंडिया’ (१९८७) सगळ्यांना पाठ असतो. तो संपल्यावर मुलांना एक कोडे घाला : माणूस खरोखर अदृश्य झाला तर त्याला स्वतःला दिसेल का? प्रकाश अंगातून आरपार जातो म्हणजे डोळ्यांतूनही जातो, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अडत नाही, मग चित्र कुठे उमटणार? अदृश्य माणूस आंधळाच असणार. आमच्याकडे यावर मोठ्यांचीच झोप उडाली होती.

‘पॅडमॅन’ (२०१८) मी मुलगे-मुली एकत्र बसवून दाखवते. कोइंबतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांची गोष्ट चित्रपटाने मध्य प्रदेशातल्या महेश्वरला नेली आहे. शोधाच्या दृष्टीने त्यातला कळीचा मुद्दा हा की, त्यांना वाटत होते सॅनिटरी पॅडच्या आत कापूस असतो, म्हणून त्यांनी केलेले पॅड टिकत नव्हते. आत असतो तो लाकडाच्या लगद्यातला सेल्युलोज. तेवढे कळायला वर्षे गेली.

शिवकर बापूजी तळपदे यांनी राइट बंधूंच्या आधी विमान उडवले का? ‘हवाईजादा’त तसे दाखवले आहे.

हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी मोठेच विचारतात आणि मला त्याचे सरळ उत्तर द्यायचे असते. तळपदे मुंबईचे खरे गृहस्थ होते, त्यांना विमानाचा ध्यास होता. पण १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याचा त्या काळातला भरवशाचा पुरावा नाही. विमानांवरच्या ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथाचा या गोष्टीशी संबंध जोडतात, त्याचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये केला. तो ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

राइट बंधूंचे १७ डिसेंबर १९०३ चे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. त्याचे छायाचित्र आहे, मोजमाप आहे. त्याच दिवशीचे चौथे ५९ सेकंद टिकले. चित्रपट (२०१५) दाखवायचाच असेल तर कल्पित कथा म्हणून दाखवा. आपल्या माणसाबद्दल अभिमान वाटावा ही इच्छा मला समजते, माझ्याही मनात ती आहे. म्हणून तर मी फाळके दाखवते. त्यांना मोठे करायला काही जोडावे लागत नाही.

ज्यात विज्ञानच चुकीचे आहे असे चित्रपट दाखवावेत का?

दाखवावेत. ‘हनी, आय श्रंक द किड्स’मध्ये (१९८९) मुले मुंगीएवढी होतात. तसे होत नाही. पण त्यावरून लांबी दहापट घटली तर पृष्ठभाग शंभरपट आणि वजन हजारपट घटते, हा हिशेब घालता येतो. मग मुंगी स्वतःच्या कितीतरी पट ओझे कसे उचलते, ते उलगडते. चूक कुठे आहे ते शोधायला लावणारा चित्रपट वाया जात नाही. मात्र ‘सत्यकथा’ असे सांगून चुकीचे दाखवणाऱ्या चित्रपटाशी माझे जमत नाही.

‘मीट द रॉबिन्सन्स’ (२००७) मी त्यातल्या एका जेवणासाठी दाखवते. अनाथ मुलाचे यंत्र भर पंगतीत फसते, सगळ्यांच्या अंगावर जाम उडतो, आणि ते घर त्याला रागावण्याऐवजी टाळ्या वाजवते. परीक्षेत कमी गुण पडलेल्या मुलाला शेजारी घेऊन बघा.

‘ह्यूगो’ कंटाळवाणा आहे असे ऐकले. खरे का?

संथ आहे. दोन तासांहून थोडा जास्त आहे. दहा वर्षांवरच्यांना आवडतो. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या या चित्रपटात (२०११) पॅरिसच्या रेल्वे स्थानकात घड्याळांना किल्ली देणारा मुलगा मोडका यांत्रिक माणूस दुरुस्त करतो आणि तो माणूस चित्र काढतो. मुलगा कल्पित, पण खेळण्यांचे दुकान चालवणारा म्हातारा जॉर्ज मेलिएस खरा. चंद्रावरच्या सफरीचा चित्रपट त्याने १९०२ मध्ये केला होता. चित्र काढणारे तसले यंत्रही खरे आहे, फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये ते आजही आहे. मेलिएसही आधी जादूगार होता. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘ह्यूगो’ पाठोपाठच्या रात्री दाखवा, मुले स्वतःच म्हणतील की हे दोघे एकमेकांना भेटायला हवे होते.

मुलींनी स्वतःला कुठे बघायचे? सगळीकडे मुलगेच दिसतात.

तक्रार बरोबर आहे. मी तीन वाटा काढते. पहिली, सरस्वतीबाई फाळक्यांवर बोट ठेवते. चित्रपट बघताना ‘आता या काय करताहेत ते बघा’ असे म्हणते. दुसरी, ‘जॉय’ (२०१५) : हात न भिजवता पिळता येणारा पोछा करणाऱ्या जॉय मँगॅनो यांची गोष्ट, तेरा वर्षांवरच्यांसाठी. लादी पुसण्याच्या कामातून शोध निघतो, हे आमच्या घरातल्या बायकांना मनापासून भावले. तिसरी, गोष्ट सांगणे. नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये एका संदेशयंत्रणेचे पेटंट मिळाले, ज्यात शत्रूला अडवता येऊ नये म्हणून लहरींची वारंवारता सतत बदलत राहते. त्यांच्यावर माहितीपट आहे, तो मोठ्या मुलींना दाखवते.

मराठीत दुसरे काही?

‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४), पुन्हा परेश मोकाशींचाच. पंढरपूरच्या ज्ञानेशची सायकल त्याच्या दिवंगत वडिलांनी स्वतः बनवलेली, तिचे नाव एलिझाबेथ. शोध लावणारा माणूस गेला आहे आणि त्याची वस्तू घरात आहे, तिला विकायची की नाही, एवढाच प्रश्न. पणजीच्या इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, त्या वर्षी भारतीय पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागाची सुरुवात याच चित्रपटाने झाली होती.

गोव्यातल्या कोणावर असा चित्रपट व्हावा असे तुम्हाला वाटते?

यावर मी रात्रभर बोलू शकते. पहिली गोष्ट छापखान्याची. १५५६ मध्ये अ‍ॅबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) निघालेला एक छापखाना वाटेत गोव्याला उतरला आणि इथेच राहिला. जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात तो चालू झाला, भारतातला पहिला. १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ता यांचे औषधी वनस्पतींवरचे पुस्तक गोव्यातच छापले गेले. फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले, तेही रोमन लिपीत. चुकलेल्या वाटेवरचे एक यंत्र, ते चालवणारी माणसे, दमट हवेत चिकटणारा कागद : मला तर दृश्ये दिसतात.

दुसरी अब्बे फारियांची. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मले, पॅरिसला पोहोचले. संमोहनाचे बळ संमोहन करणाऱ्याच्या हातात नसून समोरच्याच्या मनात असते, हे त्यांनी सांगितले. पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारचा त्यांचा पुतळा मुलांनी शंभरदा पाहिलेला असतो, पण तो कोण हे विचारलेले नसते.

तिसरी शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांची, माशेलचे म्हणून आमची जवळीक जास्त. शाळेत भावे सरांनी भिंगातून ऊन एका बिंदूवर आणून कागद जाळून दाखवला आणि तिथून आपण विज्ञानाकडे वळलो, असे ते अनेकदा सांगतात. पुढे हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट त्यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवले. आजीच्या हळदीच्या डब्यावरचा खटला, यात चित्रपट का नाही?

बघून झाल्यावर मुले घरातली यंत्रे उघडायला बसतात. काय करू?

उघडू द्या, पण यादी तुमची हवी. जुने घड्याळ, बिघडलेले खेळणे, सायकलचा डायनॅमो, सेलवरचा रेडिओ चालेल. जुना काचेचा टीव्ही आणि मायक्रोवेव्ह कधीच नाही : वायर काढून ठेवली तरी त्यात जीवघेणा विद्युतभार साठून राहतो. भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या कशालाही मोठ्यांशिवाय हात नाही. डायनॅमो साधारण सहा व्होल्टचा असतो, चाक हाताने फिरवले की छोटा दिवा लागतो. विल्यमचा चित्रपट बघितलेल्या मुलांसाठी एवढे पुरे.

शिगम्याच्या चित्ररथांचे आणि नरकासुरांचे काम चालते त्या शेडमध्येही त्यांना न्या. मान वळवणारा राक्षस, पंख हलवणारा गरुड, यांच्या पोटात मोटर, पुली आणि दोरखंड कसे बसवतात ते आपल्या वाड्यावरची मुले-माणसे आनंदाने दाखवतात. कॉलेजची पायरी न चढलेले हात तिथे गिअरचा हिशेब अचूक करतात.

मंडळाच्या मंडपात सगळ्या गावाला दाखवायचा आहे. चालेल?

ओटीटीची वर्गणी घरच्यांपुरती असते, गावासाठी नाही. मंडपात दाखवायचा तर हक्कधारकाची परवानगी घ्या. शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढेच असतील, तर कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. म्हणून शाळेमार्फत करणे सोपे पडते.

चित्रपटाच्या दुसऱ्या दिवशी मुलांना कुठे न्यावे?

मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्रात, जिथे बऱ्याच वस्तूंना हात लावता येतो. राइट बंधूंचा विषय निघाला असेल तर बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात.

पण माझी पहिली पसंती खाजनातल्या, म्हणजे भरतीच्या पाण्यालगतच्या सखल शेतातल्या, मानशीला. नदीकाठच्या बांधात बसवलेली ही लाकडी दारे. भरतीचे पाणी चढले की नदीचा दाब त्यांना मिटवतो आणि खारे पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून उघडते आणि बाहेर पडते. ना मोटर, ना राखणदार. ती कोणी पहिल्यांदा बसवली त्याचे नाव कुठेच नाही. जाताना भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. पाणी फिरायच्या थोडे आधी बांधावर पोहोचलात तर दार मिटताना दिसते, उशीर झाला तर नुसत्या फळ्या दिसतात. पायांत जुन्या चपला घाला, चिखल घोट्यापर्यंत असतो.